मान डोलावली, पण समजले काय?

दवाखान्यात डॉक्टर सांगतात, 'क्रिएटिनिन वाढलंय, जपायला हवं.' आपण मान डोलावतो आणि बाहेर आल्यावर सोबतच्या माणसाला विचारतो, 'म्हणजे नेमकं झालंय काय?' अशी मान मीही डोलावली आहे. डॉक्टर आणि रुग्ण एकाच भाषेचे असूनही ही गत. मग भाषा आणि शरीराविषयीची समजूतही वेगळी असेल तर?

ऑस्ट्रेलियात या प्रश्नाचा नेटाने शोध घेतला गेला. तिथल्या दुर्गम भागातील आदिवासींमध्ये मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण इतर नागरिकांच्या कितीतरी पट आहे. उत्तरेकडील अर्नहेम लँडच्या योलंगू लोकांना डायलिसिससाठी डार्विन शहरात येऊन राहावे लागे. तिथे संशोधकांनी रुग्ण आणि कर्मचारी यांच्यातील संभाषणे चित्रित केली, दोन्ही बाजूंशी सविस्तर बोलणे केले. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. महत्त्वाच्या गोष्टींवर दोघांची समजूत क्वचितच जुळत होती आणि आपले बोलणे पोचलेले नाही, हे अनेकदा कोणाच्या लक्षातही येत नव्हते. प्रशिक्षित दुभाषे नव्हते. कोणत्या भाषेत, केव्हा आणि कशाविषयी बोलायचे, हे रुग्णाच्या हाती नव्हते. योलंगूंच्या स्वतःच्या ज्ञानाला त्या संभाषणात जागा नव्हती. थोडक्यात, माहितीपत्रकाचे भाषांतर करून भागणारे नव्हते.

त्याच सुमारास मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पिंटुपी लोक वेगळ्या वाटेने निघाले होते. त्यांचे किन्टोर हे गाव अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून सुमारे ५०० किलोमीटर दूर. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, म्हणजे उपचार घ्यायचे तर गाव आणि नातवंडे कायमची सोडायची. २००० साली किन्टोर आणि किविरकुरा येथील चित्रकार स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून चार मोठी चित्रे रंगवली. सिडनीत ती इतर चित्रांसह लिलावात निघाली आणि दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. २००४ मध्ये किन्टोरमध्येच डायलिसिस सुरू झाले. त्यातून उभी राहिलेली संस्था आज 'पर्पल हाऊस' म्हणून ओळखली जाते. तिचे संचालक आदिवासीच आहेत. तिच्या मूळ नावाचा अर्थ आहे, आपल्या सगळ्या कुटुंबांना बरे करणे.

मला या दोन्ही हकिकती एकाच इतिहासाच्या वाटतात. उपचार म्हणजे हद्दपारी, अशी धास्ती बसलेल्या माणसाला पथ्यपाणी कितीही नीट सांगितले, तरी त्याचे मन तिथे कसे लागणार? आधी त्याचे गाव, त्याची भाषा आणि त्याची माणसे उपचारात यावी लागतात. मग शिकवणे सुरू होते.

हे वाचल्यापासून मी एक सवय लावून घेतली आहे. दवाखान्यातून उठण्यापूर्वी म्हणतो, 'डॉक्टर, मला काय समजलं ते माझ्या शब्दांत सांगतो. चुकलं तर दुरुस्त करा.' दर वेळी काही ना काही चुकलेले असतेच.