जव्हारची खाणावळ आणि नागलीची भाकर

जव्हार-मोखाड्याकडे पैसे मोजून जेवायची आणि झोपायची चाल काही फार जुनी नाही. देशावर तीर्थाच्या वाटेला धर्मशाळा असायच्या. इकडच्या पाड्यांवर मात्र उतारूने रात्र पडली की कुणाच्या तरी ओटीवर अंग टाकायचं, एवढीच सोय. कारवीच्या कुडाचं घर, शेणाने सारवलेली जमीन, बाजूला गुरं. घरधनी पहिला प्रश्न विचारणार, ‘तू कोठला?’ इकडे अहो-जाहो नाही. पाटील असो, मास्तर असो, तू म्हणजे तू. शहरातला माणूस पहिल्यांदा जरा दचकतो. मग त्याच तू म्हणणाऱ्या हातांनी पुढ्यात नागलीची भाकर, वर उडदाची घट्ट डाळ आणि मिरचीचा ठेचा आला की दचकणं विसरतो. पैशाचं नाव काढलं तर घरची म्हातारी रागावते. तिच्या लेखी जेवण विकायची वस्तूच नव्हती.

पाहुणचाराची इकडची सगळ्यात मोठी आठवण राजाची आहे. जव्हार हे मुकणे घराण्याचं महादेव कोळ्यांचं राज्य. त्याची सुरुवात १३४३ सालापासून मोजतात. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीला निघालेले शिवाजी महाराज याच वाटेने गेले आणि जव्हारच्या विक्रमशहा राजाने त्यांच्या मंदिलात मानाचा शिरपेच खोवला, म्हणून त्या माळाचं नाव शिरपामाळ पडलं, असं जव्हारात कुणीही सांगेल. एवढ्या फौजेला त्या रात्री काय रांधून घातलं, हे मात्र कुणी सांगत नाही. माझं डोकं नेहमी तिथेच अडतं.

इंग्रजी अमदानीत जव्हार संस्थान राहिलं आणि मोखाडा सरकारी मुलखात गेला. साहेब दौऱ्यावर निघाला की मुक्काम बंगल्यात. त्या काळच्या कथा म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकाव्यात. साहेब येणार म्हटलं की कोंबडी, अंडी, दूध, लाकूडफाटा आसपासच्या पाड्यांवरून जमा व्हायचं. पाणी भरायला आणि सामान डोक्यावरून पुढच्या मुक्कामी न्यायला माणसं धरून आणायची. त्याचं नाव वेठ. जे घर ओटीवरच्या उतारूकडून पैसा घेत नव्हतं, त्याच घरातली कोंबडी फुकट नेली जायची. दोन्हीकडे पैसा नाहीच, पण केवढा फरक! १९४५ साली शेजारच्या उंबरगाव-डहाणूकडे गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढारपणाखाली वारली उठले ते याच वेठीविरुद्ध. त्याची झळ इकडच्या डोंगरापर्यंत पोचली.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. हळूहळू एसटी आली, कचेऱ्या आल्या, आश्रमशाळा, बँका, दवाखाने आले. आणि त्यांच्याबरोबर आली खाणावळ. तिला जन्माला घातलं ते बदलीने. जव्हार-मोखाड्याला बदली म्हणजे शिक्षा, अशी नोकरदारांची समजूत. त्यामुळे कुटुंब गावी ठेवून एकटाच माणूस यायचा. मास्तर, तलाठी, कंपाउंडर, बँकेतला कारकून अशी मंडळी महिन्याचे मेंबर. पुढे लाकडी बाकं, मागे चूल, माळ्यावर दोन-चार खाटा. रात्रीची गाडी चुकली तर त्यातली एक तुमची. पावसाळ्यात गोधडी कधी कोरडी मिळायची नाही. धुकं खिडकीतून आत यायचं आणि सकाळी चपला शोधाव्या लागायच्या. मी तसल्या खाटेवर पुष्कळ रात्री काढल्या आहेत. ढेकणांची तक्रार केली तर मावशी म्हणायच्या, ‘मास्तर, ते पण मेंबरच हायती.’

ताटात काय असायचं? चपाती, बटाट्याचा रस्सा, तुरीचं वरण, भात, पापड. बाजारवारी सुके बोंबील. म्हणजे नाशकाच्या किंवा ठाण्याच्या कुठल्याही खाणावळीत मिळेल ते. बाहेर रानात पहिल्या पावसाला शेवळं उगवायची, मग कुर्डू, टाकळा, कोवळे वास्ते, ओढ्याला खेकडे. यातलं काही बाकावर यायचं नाही. मागच्या चुलीवर मावशींच्या घरच्यांसाठी नागलीची भाकर व्हायची, ती पण नाही. एकदा मी मागितली. मावशी म्हणाल्या, ‘ती काळी भाकर तुम्हाला कशाला? लोकं हसतील मला.’ मेंबरांपैकी दोघे खरंच हसले.

त्या खाणावळीचे सगळ्यात भरभराटीचे दिवस कधीचे, हे ऐकून मला बरं वाटलं नव्हतं. १९९२-९३ साली वावर-वांगणीला कुपोषणाने मुलं दगावली. राज्यभर ओरड झाली. मग जीपगाड्या सुरू झाल्या. अधिकारी, डॉक्टर, वार्ताहर, पुढारी, संस्थांचे कार्यकर्ते. एकेका पंगतीला बाकं पुरायची नाहीत, माळ्यावर सतरंज्या टाकाव्या लागल्या. मावशी सांगायच्या, ‘उपास बघायला आलेल्यांना मी दोन टाइम जेवाया घातलं.’ त्यात टोमणा नसायचा. हिशेब सांगावा तसं सांगायच्या. त्या माणसांतल्या पुष्कळांनी पुढे वर्षानुवर्षं इथे काम केलं, हेही सांगायला हवं. पण आधी जेवूनच ते कामाला लागले.

आता खाणावळ मागे पडली आणि पर्यटन आलं. शनिवारी मुंबई-नाशिकच्या गाड्या येतात. जयविलास राजवाडा, दाभोसा, हनुमान पॉइंट, सूर्यमाळ. राहायला कुडाच्या भिंतींच्या खोल्या, त्यांवर वारली चित्रं. जेवायला नागलीची भाकर, तीही मातीच्या तव्यावरची, खुरासणीच्या तेलाची फोडणी, ठेचा. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केल्यापासून तर नागलीला भलताच मान. जिला मेंबर हसले, तिच्यासाठी आता जादा पैसे पडतात. मला याचा आनंदच आहे. त्या पैशातलं थोडं तरी इकडच्या बाईच्या हाती राहतं.

पण पाण्याचं काय? पावसाळ्यात इथे एवढा कोसळतो की बोलायची सोय नाही, आणि मार्च लागला की मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. मोखाड्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ पासून त्याचं पाणी मुंबईला जातं. एप्रिलमधल्या मुक्कामाला पाहुण्याला आंघोळीसाठी मोजून एक बादली देतात, तेव्हा शहरातला पाहुणा कुरकुरतो. त्याच्या घरच्या नळाला हेच पाणी असतं, हे त्याला कुणी सांगत नाही.

मागल्या वर्षी मी अशाच एका ठिकाणी दोन रात्री राहिलो. रांधणारी बाई पन्नाशीची. पिठात कढत पाणी घालून मळायची, हातावर थापायची, भाकर टम्म फुगायची. मी विचारलं, ‘बाई, नागली घरची का?’

‘घरची कोठची? नागली लावायची तं आधी राब भाजाया लागं, मंग रोप, मंग वरकस जमिनीवर आवणी. दिवाळी झाली का समदी वीटभट्टीवर. माणूस हाय कोठं? ही दुकानातली पिशवी.’

‘आणि तुम्ही काय खाता?’

‘रेशनचा भात. सस्ता होता, आता तं फुकट मिळं.’

पाहुण्यांची ताटं उरकल्यावर ती चुलीपाशी बसली. भात आणि वर पातळ डाळ. टोपलीत दोन भाकरी उरल्या होत्या. त्या तिने फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवल्या, सकाळच्या गिऱ्हाइकाला.