आदेश आणि अवस्था : अनेक संगणकांच्या कारभाराचा इतिहास

कोलकात्याजवळ बरानगर येथे भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५६ मध्ये एचईसी-२एम हा इंग्लंडहून आणलेला संगणक सुरू झाला. भारतातील हा पहिला अंकीय संगणक. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या या संस्थेत पुढे काही वर्षांतच सोव्हिएत बनावटीचा उरलही आला. यंत्रे एक-दोन असतात तोवर ती सांभाळणे हा अभियंत्याच्या कौशल्याचा विषय असतो. ती शेकड्यांनी वाढली की तो प्रशासनाचा विषय होतो. या स्थित्यंतराचा इतिहास आपल्या खात्यांनी अभ्यासावा असा आहे.

यंत्राने कसे वागावे हे कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिलेले असते. पॅकेज म्हणजे आज्ञावलीचे गाठोडे. आपल्याला आणखी कोणती गाठोडी लागतात याची यादी त्याच्यासोबत असते. १९९०च्या दशकाच्या मध्यास लिनक्सच्या जगात डीपीकेजी आणि आरपीएम ही साधने आली आणि एका यंत्रावरील पॅकेजांची नोंद शिस्तीत राहू लागली. परंतु यंत्रे शंभर असली तर? एकच आज्ञा सर्वांना धाडावी, तर एखादे यंत्र त्या दिवशी बंद असे, दुसऱ्यावर कोणीतरी परस्पर बदल केलेला असे. काही महिन्यांत कोणतीही दोन यंत्रे सारखी उरत नसत.

प्रशासनातील वाचकांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. परिपत्रक निघते, बारनिशीत आवक होते, अनुपालन अहवालही येतो. दप्तर तपासणीला गेल्यावर मात्र नियमपुस्तिकेत जुनेच पान असते आणि शुद्धिपत्रक कपाटात पडलेले असते. सेवाकाळात हा अनुभव मी अनेक कार्यालयांत घेतला आहे.

ओस्लो येथे मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये सीएफइंजिन हे साधन लिहिले, तेव्हा या प्रश्नाची मांडणीच बदलली. ‘काय करा’ याऐवजी ‘कोणत्या अवस्थेत असा’ हे सांगायचे. प्रत्येक यंत्राने ठरावीक वेळाने स्वतःची तपासणी करावी आणि तफावत आढळली तरच ती दूर करावी. काल बंद असलेले यंत्र आज सुरू होताच आपोआप मार्गावर येते. एकदाच धाडलेल्या आदेशाची जागा येथे अखंड तपासणीने घेतली.

कोलकात्याचा या इतिहासाशी पुन्हा संबंध आला तो बिधाननगर येथील व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमुळे. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेच्या ॲलिस प्रयोगाची माहिती तपासणाऱ्या जागतिक ग्रिडमध्ये हे केंद्र सामील झाले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सीएमएस प्रयोगासाठी तसेच केंद्र उभारले. ग्रिडमध्ये आपले गणित कोणत्या देशातील यंत्रावर चालेल हे संशोधकाला ठाऊक नसते. म्हणून आवश्यक पॅकेजे सर्वत्र सारखी असणे ही विज्ञानाचीच अट ठरते. युरोपात २००१ मध्ये सुरू झालेल्या डेटाग्रिड प्रकल्पातून याच गरजेपोटी क्वाटोर हे साधन निघाले. पुढे सर्नने ते सोडून २००५ मध्ये जन्मलेले पपेट स्वीकारले.

या विषयाची किंमत पश्चिम बंगालने प्रत्यक्षही पाहिली. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका दोषावर मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती दिली. मे महिन्यात वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरले, तेव्हा पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातील वीज वितरण कार्यालयांचे संगणकही त्यात सापडले. दुरुस्ती निघून दोन महिने झाले होते. प्रश्न ती शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचण्याचा होता.

मात्र केंद्रीकरण हे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीची एक सदोष कॉन्फिगरेशन फाइल जगभर एकाच वेळी गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रे बंद पडली. भारतात काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. फाइल सुमारे सव्वा तासात मागे घेतली गेली. बंद पडलेली यंत्रे मात्र बहुतेक ठिकाणी एकेक करून हातानेच सुरू करावी लागली.

माझ्या मते प्रशासनाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. आदेश निघाला म्हणजे अवस्था बदलली असे समजू नये. ती वारंवार तपासण्याची व्यवस्था आदेशातच असावी. आणि एकाच लेखणीने सर्वत्र बदल घडवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याने तो आधी थोड्या ठिकाणी पारखून, मग टप्प्याटप्प्यानेच वापरावा.