खडूची नळी आणि दोन हिरवे पट्टे



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्या गुरुजींच्याच प्रयोगशाळेत मी गाळणे, ऊर्ध्वपातन आणि स्फटिकीकरण शिकलो. ‘पदार्थ शुद्ध झाला, हे कशावरून?’ हा त्यांचा नेहमीचा प्रश्न असे. त्या प्रश्नाच्या इतिहासातील एक प्रकरण मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. त्यात माझ्या एका चुकीची कबुलीही आहे.

एकोणिसाव्या शतकातील रसायनज्ञांचे उत्तर ठरलेले होते. पदार्थाचे स्फटिक पडावेत, आणि पुनःपुन्हा स्फटिकीकरण केले तरी त्याचा द्रवणांक ढळू नये. ही कसोटी उत्तमच. परंतु तिला पदार्थ भरपूर लागतो आणि तो टिकाऊही असावा लागतो. पानांतील रंगद्रव्ये मात्र नाजूक. आम्लाचा स्पर्श झाला तरी हरितद्रव्याचे रूप पालटते.

हे कोडे सोडविले ते मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने. त्यांचा जन्म १८७२ साली इटलीत झाला आणि शिक्षण जिनीव्हात. तेथील डॉक्टरेट रशियात ग्राह्य नसल्याने त्यांना तेथे नव्याने पदवी घ्यावी लागली. १९०३ साली, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या वॉर्सा येथे, निसर्गशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी आपली पद्धत प्रथम मांडली. पुढे १९०६ साली जर्मन भाषेतील लेखांत तिला ‘क्रोमॅटोग्राफी’ म्हटले. आपण तिला वर्णलेखन म्हणतो. योगायोग असा की, ‘त्स्वेत’ या रशियन शब्दाचा अर्थही रंग असाच होतो.

कृती अगदी साधी होती. काचेच्या अरुंद नळीत खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, बारीक पूड ठासून भरायची. (आपल्या फळ्यावरचा खडू बहुधा जिप्समचा असतो.) तीवर पानांचा अर्क ओतायचा आणि मागाहून निर्मळ द्रावक सोडत राहायचे. खडूच्या कणांना जे द्रव्य अधिक चिकटते ते मागे राहते, जे कमी चिकटते ते पुढे सरकते. कॅरोटीन सर्वांपुढे निघून जाते. नळीत पिवळे पट्टे उमटतात आणि हिरवे दोन, एक निळसर व एक पिवळसर. मग तो खडूचा दांडा बाहेर ढकलून सुरीने कापायचा आणि प्रत्येक तुकड्यातील रंग निराळा काढून घ्यायचा.

तरीही सुमारे पंचवीस वर्षे या पद्धतीकडे फारसे कोणी वळले नाही. हरितद्रव्यावरील संशोधनासाठी १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे रिखार्ट विलस्टेटर यांना ती पुष्कळ द्रव्य मिळविण्याच्या कामाची वाटली नाही. हा केवळ अहंकार होता, असे मी म्हणणार नाही. नळीतून मिळणाऱ्या कणभर द्रव्याचे पृथक्करण करणे तेव्हा दुष्करच होते. त्यातच महायुद्ध आले. वॉर्सा सोडून गावोगाव भटकावे लागलेले त्स्वेत १९१९ साली व्होरोनेझ येथे सत्तेचाळिसाव्या वर्षी वारले.

दरम्यान, ऑस्ट्रियाच्या फ्रिट्स प्रेगल यांनी काही मिलिग्रॅम द्रव्याचेही पृथक्करण करण्याची रीत सिद्ध केली आणि त्यासाठी १९२३ चे नोबेल मिळविले. कणभर द्रव्य आता पुरेसे झाले होते. १९३१ साली हायडेलबर्ग येथे रिखार्ट कून आणि एडगर लेडरर यांनी त्स्वेतची नळी पुन्हा हाती घेतली आणि गाजरातील कॅरोटीनचे दोन प्रकार वेगळे केले. हे कून विलस्टेटर यांचेच शिष्य! १९४१ साली इंग्लंडमध्ये मार्टिन आणि सिंज यांनी वर्णलेखनाला नवे रूप दिले. पुढे नळीच्या जागी साधा गाळणकागदही चालू लागला, आणि इन्सुलिनमधील अमिनो आम्लांचा क्रम लावताना सँगर यांना त्याचाच आधार झाला.

आता माझी कबुली. अनेक वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने पालकाच्या अर्काचा कागदावरील प्रयोग करून वहीत लिहिले : ‘हिरवे पट्टे दोन.’ माझ्या उत्तरपत्रिकेत हिरवा पट्टा एकच होता. मी कागदाची पट्टी न पाहताच तिच्या उत्तरावर लाल रेघ मारली. पुढे त्स्वेतची हकीकत वाचनात आली तेव्हा ती रेघ मला आठवली. विलस्टेटर यांच्यापाशी निदान कारण होते. माझ्यापाशी केवळ घाई होती.

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर काळागणिक बदलत आले आहे, पण ते शोधण्याची जागा बदललेली नाही. शिक्षकमित्रांनो, लाल शाई उचलण्यापूर्वी मुलाच्या हातातील कागदाची पट्टी एकदा उजेडात धरून पाहावी, एवढीच या स्मृतिदिनी माझी विनंती आहे.