पूररेषा : आठवणीतून नकाशावर

इ. स. १४९० मध्ये भिंगारजवळच्या लढाईत मलिक अहमदने बहामनी फौजेचा पराभव केला आणि पुढे त्याच परिसरात, सीना नदीकाठी, अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) वसवले. बराच काळ कोरडी दिसणारी सीना आणि भिंगारचा नाला पाहून येथे पुराची चौकशी करणारा कुणालाही वेडाच वाटेल. जिल्हा अवर्षणप्रवण! पण ओढ्याचा पूर वर्षभराच्या पावसावर ठरत नाही. दोन-चार तासांत किती कोसळला यावर ठरतो. प्लॉट मे महिन्यात पाहिला जातो, तो तेव्हा कोरडाच असतो.

पूर्वी ही चौकशी नकाशावाचून होई. गावठाणाची ‘पांढरी’ बहुधा उंचवट्यावर असे आणि पाणी कुठवर आले होते ते म्हातारी माणसे देवळाच्या पायरीवर बोट ठेवून सांगत. या आठवणीला आकड्यांत बसवण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. नाझींना विरोध केल्याने १९३२ मध्ये हायडेलबर्गची नोकरी गमावलेले जर्मन गणितज्ञ एमिल गुंबेल अमेरिकेत पोचले आणि १९४१ मध्ये त्यांनी पुरांच्या पुनरावर्तन काळावर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. महाराष्ट्रात पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकाने हेच गणित जमिनीवर उतरवले. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द मात्र वर्गात हमखास फसवतात. एकदा येऊन गेला, आता नातवंडांनाच दिसेल, असे मुलांना वाटते. खरा अर्थ : दरवर्षी शक्यता १ टक्का. ३० वर्षे राहण्यासाठी घर घेतले, तर लाल रेषेवर पाणी एकदा तरी पोचण्याची शक्यता १ − (०.९९)^३०, म्हणजे सुमारे २६ टक्के. निळीसाठी हाच आकडा ७१ टक्के येतो. फळ्यावर करून पाहावे.

आता नकाशे घरबसल्या मिळतात. इस्रोचे ‘भुवन’ २००९ पासून आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ मध्ये विनामूल्य उपलब्ध केले. सोय मोठी, पण या प्रमाणात १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. उंचीची मोफत मिळणारी माहितीही साधारण ३० मीटरच्या चौकोनांची. दहा मीटर रुंदीचा ओढा एका चौकोनात सहज गडप होतो. शिवाय पूररेषा आखली असेल तिथेच दिसते. रेषा नाही, याचा अर्थ एवढाच की तिथे कुणी मोजलेले नाही.

म्हणून गावच्या ओढ्यासाठी भूमी अभिलेख विभागाचा जुना गाव नकाशा मला अधिक बोलका वाटतो. त्यावरचा ओढा पारदर्शक कागदावर गिरवावा, आजच्या उपग्रहचित्राच्या प्रमाणात आणून त्यावर ठेवावा आणि रेघ कुठे कुंपणाखाली, कुठे छपराखाली जाते ते मुलांना शोधू द्यावे. रस्त्याखालच्या नळ्यांची तोंडे मोजायची असतील, तर पावसाळ्याआधीच जावे.