मुक्त खेळ

मुक्त खेळ : लहान मुलांनी आपल्या मर्जीने सुरू केलेला, स्वतःच चालवलेला आणि मन भरले की सोडून दिलेला खेळ. काय खेळायचे, कोणाला घ्यायचे, नियम कोणते आणि खेळ कधी मोडायचा, हे मुलेच ठरवतात. भातुकली, मातीत पाट काढून पाणी सोडणे, खाटेवर चादर टाकून केलेले घर, लपाछपी, डबा ऐसपैस, दिवाळीच्या सुट्टीतला किल्ला ही त्याची ओळखीची रूपे. क्रिकेटचे प्रशिक्षण, नृत्याचा वर्ग किंवा अक्षरओळखीसाठी बाईंनी घेतलेला खेळ मुलांना कितीही आवडत असला, तरी तो या व्याख्येत बसत नाही. तिथे सूत्रे मोठ्यांकडे असतात. मुक्त खेळाचे बहुतेक लाभ या एका फरकातून येतात.

अशा खेळाला नियम नसतात, हा समज चुकीचा आहे. पहिले राज्य कोणावर, हे चकून ठरते. दम लागला किंवा चप्पल तुटली, तर ‘टाइम प्लीज’ म्हणून सूट मिळते. एखादीचा धाकटा भाऊ मागे लागला, तर त्याला ‘कच्चं लिंबू’ करून घेतात : तो पळतो, लपतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. मोठी मुले हा रिवाज धाकट्यांना देत आली आहेत आणि त्यात सामाजिक शहाणपण भरलेले आहे. खेळ टिकवायचा तर कोणी रुसून घरी जाता कामा नये. म्हणून दांडगटाला नमते घ्यावे लागते, हळव्याला सांभाळावे लागते आणि नियम जागच्या जागी वाकवावे लागतात. कोणीही केव्हाही खेळ सोडून जाऊ शकतो, ही मोकळीक या साऱ्याच्या मुळाशी आहे, असे प्रतिपादन अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर ग्रे यांनी केले आहे. पंचाचे काम मोठ्या माणसाने हाती घेतले की मुले भांडण आपसात मिटवण्याऐवजी तक्रार घेऊन त्याच्याकडे येतात.

एकत्र खेळण्याची ही क्षमता हळूहळू येते. अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत बालवाडीच्या वयातील मुलांचा सहभाग कसा वाढत जातो, ते दाखवले : एकट्याने खेळणे, दुसऱ्यांचा खेळ नुसता पाहणे, शेजारी बसून तसलेच पण आपापले खेळणे, देवाणघेवाण करत खेळणे आणि शेवटी कामे वाटून एकच खेळ खेळणे. एकाच वाळूच्या ढिगावर पाठीला पाठ लावून खेळणारी दोन वर्षांची मुले अबोल किंवा हट्टी आहेत, असे समजून त्यांना ‘मिळून खेळा’ असा आग्रह करण्याचे कारण नाही. कडेला उभे राहून पाहणारे मूलही खेळात शिरण्याची तयारी करत असते.

लटक्या खेळाचा सर्वांत खोल विचार रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ मधील व्याख्यानात मांडला. काठीचा घोडा करणारे मूल वस्तूपासून तिचा अर्थ सुटा करते. पुढे शब्द आणि चिन्हे यांच्याशी व्यवहार करताना हीच शक्ती कामी येते. खऱ्या आयुष्यात बहिणी असलेल्या दोघी ‘आपण बहिणी-बहिणी होऊ’ म्हणून खेळतात, हे उदाहरण त्यांनी घेतले आहे. एरवी त्या बहिणीसारखे न ठरवता वागतात. खेळात मात्र बहिणीने कसे वागायचे, याचे भान ठेवून वागतात. भातुकलीत हे रोज दिसते. पाहुण्यांना वाढल्याशिवाय आईने जेवायचे नाही, असे ठरले की एरवी खाऊसाठी क्षणभरही न थांबणारी चार वर्षांची मुलगी चुरमुऱ्यांचा भात पुढ्यात ठेवून थांबते. मनाला आवर घालण्याचा हा सराव ती स्वतःहून, आनंदाने करते.

शारीरिक लाभ उघड आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील मार्गदर्शनानुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल हवी आणि त्यांपैकी किमान ६० मिनिटे दमवणारी हवी. सलग कवायतीने हे साधत नाही. पळणे, थबकणे, पुन्हा पळणे, अशा मुलांच्या स्वाभाविक लयीत ते सहज होते. दंगामस्तीला मोठे लोक भांडण समजतात, पण दोन्ही ओळखता येतात. मस्तीत चेहरे हसरे असतात, वरचा-खालचा आळीपाळीने बदलतो आणि झोंबाझोंबी संपल्यावर मुले एकत्रच राहतात. उंचावर चढणे, वेगाने घसरणे, नजरेआड जाणे यांसारख्या ‘धोक्याच्या’ खेळांचे वर्गीकरण नॉर्वेच्या एलन सँडसेटर यांनी २००७ मध्ये केले. आवाक्यातला धोका पत्करून मूल भीती आटोक्यात ठेवायला शिकते, अशी त्यांची भूमिका आहे. उघड्यावर असण्याचा फायदा डोळ्यांनाही होतो. चीनमधील ग्वांगझोऊ येथे पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटे जादा बाहेर ठेवले, तेव्हा तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टिदोष झाला. इतर मुलांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते (२०१५). हा परिणाम बाहेर घालवलेल्या वेळाचा आहे, खेळ कोणता यावर तो अवलंबून नाही.

पुराव्यांविषयी प्रामाणिक असणे गरजेचे आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लटक्या खेळावरील संशोधनाचा आढावा घेतला. या खेळामुळेच बुद्धी किंवा सर्जनशीलता वाढते, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यांना आढळला नाही. अमेरिकेत मोकळा खेळ घटत गेला त्याच दशकांत मुलांतील चिंता आणि नैराश्य वाढले, हे ग्रे यांनी २०११ मध्ये दाखवले. तोही सहसंबंध आहे, कार्यकारणाचा निर्णायक दाखला नाही. ‘खेळा आणि हुशार व्हा’ अशी जाहिरात करणाऱ्या खेळण्यांवर म्हणूनच विसंबू नये. खेळाची बाजू भक्कम आहे ती दुसऱ्या कारणाने : संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ व्या कलमाने विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क मानला आहे आणि भारताने १९९२ मध्ये ही संहिता स्वीकारली आहे. हक्काला गुणपत्रिकेचा आधार लागत नाही.

खेळाची सूत्रे मुलांच्याच हाती सोपवण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग डेन्मार्कमध्ये झाला. बागा आखणारे वास्तुरचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांच्या लक्षात आले, की आखीव क्रीडांगणांपेक्षा बांधकामाच्या जागा आणि भंगार मुलांना अधिक खेचून घेते. जर्मन ताब्यातील कोपनहेगनच्या एम्द्रुप वसाहतीत १९४३ साली त्यांच्या कल्पनेतून भंगाराचे क्रीडांगण उभे राहिले. भोवती मातीचा बांध, आत फळ्या, विटा, दोर, हातोड्या, फावडी. मुलांनी घरे बांधली, पाडली, पुन्हा बांधली. तिथले पहिले कार्यकर्ते जॉन बेर्टेलसन हत्यारांची व्यवस्था पाहत आणि जवळ असत. काय बांधायचे, हे सुचवत नसत. १९४६ मध्ये ते पाहून भारावलेल्या ब्रिटिश उद्यानरचनाकार लेडी अ‍ॅलन यांनी बॉम्बहल्ल्यांत पडीक झालेल्या लंडनच्या जागांवर ती कल्पना नेली. टोकियोतील हानेगी प्लेपार्क १९७९ पासून त्याच धर्तीवर चालते. तिथे मुले चूलही पेटवतात.

महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा वारसा या बाबतीत दुपेडी आहे. गुजरातमधील बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी मारिया माँटेसरींचा विचार आपलासा केला आणि धाक, छडी, घोकंपट्टी यांतून मुलांना सोडवले. मात्र माँटेसरी पद्धतीत मूल साधन आपल्या आवडीने निवडत असले, तरी ते ठरलेल्या रीतीनेच हाताळायचे असते आणि लटक्या खेळाला माँटेसरी फारसे महत्त्व देत नसत. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला आदिवासी मुलांत काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने, खडे आले. अशा सुट्या, स्वस्त वस्तूंना एकच ठरलेला उपयोग नसतो. म्हणून त्या खेळाला विशेष पोषक ठरतात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवस काढणाऱ्या मुलींना मोकळे करण्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणल्या गेल्या. मुक्त खेळासाठी आधी मोकळा वेळ लागतो आणि तो सर्व मुलांना सारखा मिळत नाही, हे या कामाने नेमके ओळखले होते.

पायाभूत स्तरासाठीच्या २०२२ मधील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुक्त, मार्गदर्शित आणि रचनाबद्ध असे खेळाचे तीन प्रकार मानून तिन्हींना जागा दिली आहे. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शाळेला क्रीडांगण आवश्यक केले आहे. व्यवहारात मैदान बांधकामाखाली जाते, सोसायटीचे अंगण वाहनांखाली जाते आणि संध्याकाळ शिकवणीत जाते. मुलांना एका वयाचे नसलेले, शेजारपाजारचे सवंगडी रोज भेटतील एवढी जागा आणि पुढे काहीही ठरलेले नाही असा तास-दोन तासांचा सलग वेळ, या मुक्त खेळाच्या किमान गरजा होत. अर्ध्या तासाच्या सुट्टीत राज्य कोणावर, हे ठरेपर्यंतच घंटा होते.