ग्रोनकाठची शांतता

फ्रान्समधील ग्रोन नदीच्या खोऱ्यातून क्ल्युनीला जाणारा जिव्री-क्ल्युनी हा सुमारे ४४ किलोमीटरचा सायकलमार्ग १९९७ साली खुला झाला. तो बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटेवर बांधलेला आहे. म्हणूनच तेथे चढ सौम्य आहेत आणि मोटारी नाहीत. ही शांतता निसर्गदत्त मानणे मात्र चुकीचे ठरेल. क्ल्युनीत ९१० साली मठ स्थापन झाला. १०८८ पासून उभारलेले त्याचे चर्च काही शतके ख्रिस्ती जगतातील सर्वांत मोठे होते. राज्यक्रांतीनंतर ते विकले गेले आणि दगडांसाठी पाडले गेले. पुढे रेल्वे आली, तीही गेली. वाटेवरची जुनी स्थानके आणि मठाचे उरलेले मनोरे पाहिले, की जाणवते : आज सायकलस्वाराला सुखावणारा निवांतपणा एकेकाळच्या वर्दळीच्या ओसरण्यातून आला आहे.