बीज-क्षेत्राचा वाद आणि हीपचे ससे

बलरामाच्या जन्माची कथा शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. देवकीच्या उदरातील सातवा गर्भ योगमायेने ओढून रोहिणीच्या उदरात ठेवला. म्हणजे आजचे भ्रूण-प्रत्यारोपण आपल्याकडे पूर्वीच होते का? नाही, असे आम्ही सांगतो. कथा ही प्रयोगाची नोंद नव्हे. पण तेवढे सांगून हात झटकले, तर कथेतील खरी मोलाची गोष्ट निसटते. गर्भ ओढून नेला म्हणून तो मुलगा ‘संकर्षण’, आणि रोहिणीने उदरात वाढवला म्हणून ‘रौहिणेय’. कथेने दोन्ही आयांची नावे जपली आणि मातृनाम दिले ते पोटात वाढवणाऱ्या आईचे. पाळीव प्राण्यांच्या प्रजनन-तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना हे नाव आम्हांला पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

त्या इतिहासातील एक तारीख निश्चित आहे : २७ एप्रिल १८९०. वॉल्टर हीप या इंग्रज भ्रूणशास्त्रज्ञाने एका अंगोरा सशिणीच्या शरीरातून दोन कोवळे भ्रूण काढले आणि ते ‘बेल्जियन हेअर’ जातीच्या दुसऱ्या सशिणीच्या अंडवाहिनीत ठेवले. या दुसरीचा तिच्याच जातीच्या नराशी तीन तासांपूर्वी संयोग झालेला होता. यथाकाल तिला सहा पिल्ले झाली. चार बेल्जियन, दोन अंगोरा. अंगोरा पिल्लांचे केस लांब आणि रेशमी होते. इतकेच काय, समोरच्याकडे पाहताना डोके हळूहळू दोन्ही बाजूंना हलवण्याची त्या जातीची लकबही त्यांच्यात उतरली होती. सस्तन प्राण्यातील यशस्वी भ्रूण-प्रत्यारोपणाची ही पहिली नोंद मानली जाते.

हीपला नवे तंत्र शोधायचे नव्हते. त्याला एका जुन्या शंकेचे उत्तर हवे होते : परक्या आईच्या उदरात वाढलेल्या पिल्लावर त्या आईच्या जातीचा ठसा उमटतो का? साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही शंका अपरिचित नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र, याचा ऊहापोह आहे आणि कौल साधारणपणे बीजाच्या बाजूने आहे. उलट ‘क्षेत्रज’ पुत्राच्या कल्पनेत संतती क्षेत्राच्या धन्याची ठरते. धृतराष्ट्र आणि पांडू यांचे कूळ त्याच न्यायाने चालते. दोन्ही पक्षांत स्त्री ही जमीनच. वाद आहे तो पेरणाऱ्याचा हक्क मोठा की मालकाचा, एवढाच. हीपच्या सशांनी बीजाच्या बाजूने साक्ष दिली, असे तेव्हा वाटले असल्यास नवल नाही. जात बदलली नाही. उदर म्हणजे केवळ ठेवण्याची जागा.

पण साक्ष इथे संपली नाही. १९३८ साली केंब्रिजच्या आर्थर वॉल्टन आणि जॉन हॅमंड यांनी प्रचंड देहाची शायर घोडी आणि बुटकी शेटलंड घोडी यांच्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. या दोन जातींचा उलटसुलट संकर नैसर्गिक संयोगाने साधणे अवघड, म्हणून त्यांनी कृत्रिम रेतन वापरले. दोन्हीकडे संकर तोच, बीजाचा वाटा सारखाच. तरीही शायर आईची शिंगरे शेटलंड आईच्या शिंगरांपेक्षा जन्मतःच कितीतरी मोठी निघाली आणि हा फरक पुढेही टिकला. जात उदराने ठरत नसेल. देह किती वाढणार, हे मात्र उदरच सांगत होते.

यानंतर बीज देहापासून फार लांब जाऊ लागले. १९४९ साली ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्याच्या सहकाऱ्यांना ग्लिसरॉलमुळे शुक्राणू गोठवूनही जिवंत राहतात, असे आढळले. पुढे उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलेली रेतमात्रा देशोदेशी फिरू लागली. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापलेल्या ‘बाएफ’ने संकरित गोपैदाशीसाठी ती गोठ्यापर्यंत नेली. गाय भरवायला वळूकडे न्यायची, तिथे आता कांडी घेऊन माणूस गायीकडे येऊ लागला. शेतकऱ्याच्या घरात दूध वाढले, हे या इतिहासाचे उजळ अंग आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेत डॉली जन्मली. तिच्या आया मोजायच्या तर तीन. पहिली फिन डॉर्सेट जातीची सहा वर्षांची मेंढी. तिच्या स्तनातील पेशीचे केंद्रक घेतले, पण डॉली जन्मली तेव्हा ती हयातही नव्हती. दुसरी स्कॉटिश ब्लॅकफेस. तिने बीजांड दिले. तिसरीही ब्लॅकफेस; तिने पोटात वाढवले. नाव मिळाले एकट्या डॉलीला, तेही स्तनातील पेशीवरून मेंढ्या सांभाळणाऱ्यांनी केलेल्या थट्टेतून, डॉली पार्टन या गायिकेचे. २७७ पेशीसंयोगांतून २९ भ्रूण हाती आले, ते १३ मेंढ्यांच्या उदरात ठेवले गेले आणि एक कोकरू जन्मले. उरलेल्या बारा मेंढ्या आकड्यातच राहिल्या. पुढे १९९९ मध्ये डॉलीच्या पेशींतील मायटोकाँड्रिया तपासल्या, तर त्या बीजांड देणाऱ्या मेंढीच्या निघाल्या. ‘हुबेहूब प्रत’ म्हणून गाजलेल्या डॉलीतही दुसऱ्या आईचा अंश होताच.

प्रयोगशाळेतील प्राण्यांचा हिशोब मागणारा विचारही याच इतिहासात वाढला. १९५९ साली एम. सी. चँग याने शरीराबाहेर फलित केलेल्या सशाच्या बीजांडांपासून पिल्ले मिळवली. त्याच वर्षी विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी आपल्या ग्रंथात तीन तत्त्वे मांडली : शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि उरलेल्यांच्या वेदना कमीत कमी होतील असे प्रयोगाचे स्वरूप ठेवावे. भारतात १९६० च्या कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद केली. ही तत्त्वे नसती तर त्या बारा मेंढ्यांविषयी विचारण्याची भाषाच आपल्याकडे नसती.

कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १९९० साली शरीरबाह्य फलनातून जन्मलेल्या म्हशीच्या वासराला ‘प्रथम’ म्हटले गेले. २००९ मधील क्लोन पारडीला ‘गरिमा’. नावे सुंदर आहेत, पण ती यशाला दिलेली आहेत. ज्या म्हशींनी ही वासरे पोटात वाढवली, त्यांना कोणत्या नावाने हाक मारत, हे बातमीत येत नाही. आज गायी-म्हशींच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला असतो. तो उपयोगाचाही आहे. तरी धार काढायला बसणारी बाई तो क्रमांक उच्चारत नाही, नावानेच हाक मारते.

म्हणून वर्गातील त्या प्रश्नाला आम्ही आता थोडे अधिक उत्तर देतो. कथेला तंत्र ठाऊक नव्हते. मात्र उदर म्हणजे नुसते क्षेत्र नव्हे, हे तिला ठाऊक होते. तसे नसते तर बलराम रौहिणेय झाला नसता.